किंकाळीनंतरचा दीड सेकंद

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस ठकीचा शि. सा. न.

तुझी पाठ आता कशी आहे? शेक घेतेस की मला नुसतं ‘घेते’ म्हणून कळवतेस?

माझा प्रबंध एकदाचा मार्गी लागला. आई म्हणते, सिनेमे बघून डॉक्टर होता येत असेल तर तीही नाव नोंदवते. चौथं प्रकरण एका किंकाळीवर आहे. हसू नकोस. बाईची एकच किंकाळी मला एकोणीस सिनेमांत सापडली. नायिका वेगळी, खून वेगळा, किंकाळी तीच. जत्रेतल्या भूतबंगल्यातही तीच, मोबाइलवरच्या एका खेळातही तीच. आमचा उत्तराधुनिक सिद्धान्त हेच सांगतो की मूळ असं काही उरतच नाही, प्रतींच्या प्रती फिरत राहतात. मी लिहिलंय, ‘या आवाजामागे कुणीही बाई नाही.’ सर बेहद्द खूश आहेत.

सर्वांत जुना सिनेमा तू डबिंग करायचीस त्या स्टुडिओतला आहे. तुला काही आठवतं का? तुझ्या मायेचा हात पाठीवर असू दे.

ठकी

दि. ११ फेब्रुवारी

चि. ठकीस अ. उ. आ.

सोबत पाठवलेलं प्रकरण वाचलं. दोनदा डुलकी लागली, पण अक्षर न् अक्षर वाचलं.

तो आवाज माझा आहे. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरकडे बसले होते, समोर टीव्ही चालू होता, आणि मी ओरडले. म्हणजे टीव्हीतली मी. माझं तोंड मिटलेलं होतं तरी मी हात लावून पाहिलं. शेजारची बाई मासिकातून मान वर न करता म्हणाली, किती खोटं ओरडतात या. असं वर्षातून चारपाचदा होतं. कधी जिन्यात, कधी शेजारच्या भिंतीपलीकडून. मी म्हातारी होत चालले आणि ती चोवीसचीच आहे.

ती किंकाळी टेप झाली त्याच दिवशी आमचा रेकॉर्डिस्ट गेला. याहून जास्त विचारू नकोस, आणि ते प्रकरण काढून टाकता आलं तर बघ. एवढं मागितलं म्हणून रागावू नकोस, मी तुझीच आहे.

मावशी

दि. १९ फेब्रुवारी

ती. मावशीस शि. सा. न.

मला माफ कर. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच संग्रहालयातल्या फितीवाल्या काकांनी मूळ टेप शोधून काढली होती, आणि मी ती ऐकली होती.

लपवणं मला जमणार नाही म्हणून लिहिते. आधी एक घरघर सुरू होते, मग तू. एकोणीसही सिनेमांत किंकाळी एकाच जागी कापली आहे. मूळ टेपवर तिच्यामागे आणखी दीड सेकंद आहे, आणि त्यात एक पुरुष काहीतरी बोलतो. दोनतीन शब्द, घरघरीत बुडालेले. मग ती घरघर एकटीच तीन मिनिटं चालते आणि एकदम तुटते. मशीन बंद केल्यावरही खोलीत कुणीतरी वाक्य अर्धं टाकून उभं आहे असं वाटत राहिलं. काकांनी खिडकी उघडली.

तो कोण, मावशी? तू म्हणशील तर प्रकरण फाडून टाकते. मला परकी करू नकोस.

ठकी

दि. २७ फेब्रुवारी

चि. ठकीस अ. उ. आ.

आठ दिवस कागद समोर घेऊन बसले. तुझ्या आईलाही मी हे सांगितलेलं नाही.

त्या रेकॉर्डिस्टचं आणि माझं लग्न ठरलं होतं. मी माइकपाशी, तो काचेपलीकडे मशीनवर. त्याच्या टेबलावर एक लोखंडी बटण होतं. ते दाबून तो बोलला की माझ्या खोलीतल्या स्पीकरवर ऐकू यायचं. ते बटण झिणझिण्या देतं, असं त्याने मालकांना दोनदा सांगितलं होतं. त्या दुपारी त्याने ते दाबलं आणि हात सुटेचना. मी काचेतून बघत होते. ओरडले, आणि पाय जमिनीला खिळले. मधलं दार चार पावलांवर होतं, ठकी. मी गेले नाही. कॅंटीनवाल्याने धावत येऊन मेन स्विच खाली ओढला, तेव्हा सगळं थांबलं.

हृदय बंद पडलं असं मालकांनी बाहेर सांगितलं. मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, तुम्ही आत तरी गेला होतात का? मी चप्पल घालून घरी आले. एकेचाळीस वर्षं तोच प्रश्न ऐकते आहे. किंकाळी मात्र त्यांनी ठेवून घेतली.

टेपवर कुणी बोलल्याचं मला आठवत नाही. मला माझाच आवाज ऐकू येत होता. काय म्हणतो ते कळलं तर कळव. वाईट असलं तरी कळव. आता मागे फिरू नकोस.

मावशी

दि. ८ मार्च

ती. मावशीस शि. सा. न.

काकांनी आठवडाभर खपून घरघर बाजूला काढली. आम्ही वेगवेगळे बसून ऐकलं आणि वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं. दोन्ही कागदांवर एकच होतं: ‘आत येऊ नकोस.’

तो ओरडत नाही, मावशी. दात आवळून, पण नीट सांगतो.

टेप ऐकायला यायचं असेल तर तू म्हणशील तेव्हा घ्यायला येते. तोवर स्वतःला जप, माझ्यासाठी.

ठकी

दि. २२ मार्च

चि. ठकीस अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तुझ्यासमोर बोलता आलं नाही म्हणून लिहिते.

हो, टेपवरचा आवाज त्याचाच. तू म्हणालीस, पुढची घरघर ऐकू नको. पण त्या घरघरीत तीन मिनिटं तो होता. तेव्हा ओरडल्यावर मी डोळे गच्च मिटून घेतले होते, या वेळी उघडे ठेवले. तू माझा हात धरला होतास, तो मला शेवटी शेवटी तुझा वाटेना. मी सोडवला नाही.

मी त्याचं ऐकलं होतं, एवढंच. कानांनी ऐकलं, डोक्याला कळलं नाही. पायांना कळलं असावं.

प्रकरण ठेव. सरांना मूळ नको असेल तर त्यांनी त्यांच्या घरी नको म्हणावं. तळटीपेत आम्हां दोघांची नावं घाल, त्याचं आधी. त्याच्या आडनावात लोक नेहमी चूक करायचे आणि तो चिडायचा, म्हणून वेगळ्या चिठ्ठीवर सुवाच्य लिहून सोबत जोडलं आहे. छापण्याआधी एकदा ताडून बघ.

तुझी,
मावशी