बरणीतलं अस्वल

३ मार्च १९६३, रविवार. अमरावती.

आजपासून रोजनिशी. संग्रहाची नोंद कागदावर असावी म्हणून. वाचायला कुणालाही द्यायची नाही. बायकोला, मैनालाही नाही.

संग्रहात सिनेमा दाखवायचं मशीन एक. हाताने फिरवायचं, दिवा मोटारीच्या बॅटरीवर. बडनेऱ्याच्या पार्सल ऑफिसात बेवारस मालाचा लिलाव झाला, त्यात 'शिलाई मशीनचे भाग' म्हणून सुटलं. मी तिथलाच क्लार्क, म्हणून बोली मावसभावाच्या नावाने. यात गैर काही नाही. मी यावर पुष्कळ विचार केला आहे.

रिळांची पेटी त्याच लिलावात अकोल्याच्या गयासुद्दीनभाईंना सुटली. ते घड्याळं दुरुस्त करतात. माझं मशीन त्यांनीच चालू करून दिलं आणि निम्मी रिळं मला दिली. दिली म्हणजे ठेवायला दिली, असं ते म्हणतात. मुद्दा वादातला आहे.

सगळ्यांत मोलाचं रीळ म्हणजे अस्वलाचं कार्टून. दोन भाग. पूर्वार्ध माझ्याकडे, उत्तरार्ध अकोल्याला. अस्वल मालगाडीचा गार्ड असतं. त्याचं निशाण शेळी खाते. गाडी सुटते, पुढचा पूल तुटलेला, इंजिन अर्धं पुलावर, अर्धं हवेत. इथे पूर्वार्ध संपतो. मैनाने अकरा वेळा पाहिला आहे आणि दर वेळी विचारते, "मंग त्या अस्वलाचं पुढं काय झालं?"

मला माहीत नाही. उत्तरार्ध पार्सलने पाठवायला गयासुद्दीनभाई तयार नाहीत. पार्सल ऑफिसात फेकाफेकी होते, म्हणतात. मला म्हणतात. आणि पूर्वार्ध घेऊन अकोल्याच्या उन्हात जायला मी तयार नाही. दोन वर्षं इंजिन हवेत आहे. भाईंनी मात्र घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून उत्तरार्धाचं एकेक चित्र पाहिलं आहे. शेवट सांगत नाहीत.

६ मार्च.

मंडळाचे सेक्रेटरी चंद्रभान घरी आले. वैशाखी पौर्णिमेला विहारासमोर कार्टूनचा कार्यक्रम कराल का, विचारत होते. मी म्हणालो, दोन्ही भाग दाखवीन. बोलून गेलो खरा. लगेच अकोल्याला कार्ड टाकलं.

९ मार्च.

भाईंचं उत्तर. येतील, उत्तरार्ध मांडीवर घेऊन येतील. पण शर्त लावली आहे. वऱ्हाडचा उन्हाळा दोन्ही भागांना सारखाच. पौर्णिमेला ज्याचा भाग जास्त चांगला निघेल, दोन्ही भाग कायमचे त्याचे.

शर्त मंजूर. जवळपास जिंकल्यातच जमा.

१० मार्च, रविवार.

साठवणीची शास्त्रीय व्यवस्था पूर्ण. मैनाच्या आईची चिनी मातीची लोणच्याची बरणी घेतली. आत रिळाचा डबा, वर फडक्याचा दुहेरी दादरा बांधला. बरणी रांजणाखालच्या ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरली. भोवती पोतं, दिवसातून दोनदा भिजवायचं. हात लावला तर गारेगार.

डब्यावर इंग्रजीत छापलं आहे की थंड आणि कोरड्या जागी ठेवा. थंड साधलं. कोरडं हळूहळू होईल.

मैना म्हणाली, बरणी कैऱ्या येईपर्यंत परत पाहिजे. हो म्हणालो.

१५ मार्च.

भाईंनी आपली पद्धत कळवली. उत्तरार्ध त्यांच्या पत्नी जैनबबींच्या ट्रंकेत, रजयांच्या मध्ये, वर्तमानपत्रात गुंडाळून. बस. वाचून मला त्यांची दया आली. उत्तरादाखल दोन कार्डं लिहिली, एकात मावेना. पोतं भिजवता भिजवता रांजणापाशी बसूनच लिहितो, तिथे गारवा असतो.

२४ मार्च, रविवार.

चित्राच्या दर्जाचा प्रश्न. भाईंचं मत, पांढरी चादर ताणून बांधावी. माझं मत, चादर वाऱ्याने हलते आणि अस्वलाचं पोट सुटल्यासारखं दिसतं. चुन्याची भिंत सर्वोत्तम. चुन्यात नीळ टाकली की पांढरा आणखी पांढरा दिसतो. आज अंगणाकडच्या भिंतीला हात मारला. नीळ जरा जास्त झाली. वाळल्यावर जाईल.

२५ मार्च.

वाळली. गेली नाही. दुसरं फुटकळ रीळ लावून पाहिलं. बदकं निळी आणि आजारी दिसतात. कार्यक्रमापुरती चादर वापरावी, असा मी स्वतंत्रपणे निर्णय घेतला आहे. भाईंना कळवण्याची गरज नाही.

२ एप्रिल.

पाट्यांचं काम हाती घेतलं. चित्रांच्या मध्ये मध्ये इंग्रजी पाट्या येतात, त्या कुणाला वाचता येत नाहीत. मी मराठी करून भोंग्यातून वाचणार. स्टेशनमास्तर ओरडतो, गाडी थांबवा. मी केलं, 'सदरहू गाडी तात्काळ थांबविण्यात यावी.' शेळीच्या तोंडी, 'उक्त निशाण चवीस उत्तम आहे.'

मैनाला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "अस्वल हापिसात नोकरीले हाय का?"

अर्थात आहे. रेल्वेचा नोकर आहे.

६ एप्रिल.

भाईंचं कार्ड. पाट्या वाचूच नयेत म्हणतात. शेळी निशाण खाते, ती काय भाषा लावून खाते? हा माणूस घड्याळात आयुष्य घालवून बसला आहे, त्याला साहित्याचं काय. तीन कार्डं लिहिली. शेवटच्यात थोडा कडक झालो.

१४ एप्रिल, रविवार.

जयंतीची मिरवणूक. रस्त्यात माणसं थांबवून विचारतात, देवमनभाऊ, अस्वल केव्हा? चंद्रभाननी नांदगाव खंडेश्वरपर्यंत निरोप पाठवले आहेत. ऊर भरून आला.

घरी आलो तर स्वयंपाकघरात आंबूस वास. मैनाला म्हणालो, कढी झाकून ठेवत जा. ती म्हणाली, आठ दिवसांत कढी केलीच नाही.

१७ एप्रिल.

वास आहेच. शेजारच्या पार्बताबाई भिंतीवरून विचारत होत्या, काही आंबलं का? मी म्हणालो, तुमच्याकडचंच ताक असेल. त्या रागावून आत गेल्या. खरं बोललं की लोकांना राग येतो.

२१ एप्रिल, रविवार. पारा ११२ डिग्री फॅरनहाइट.

पाहणीसाठी बरणी उघडली. रीळ उत्तम. कडेला पांढरी भुकटी धरली आहे, ही थंडाव्याची खूण असावी. फिल्म जरा लहरदार झाली आहे, वेढे सैल. कोंदट डब्यात फिल्म गच्च बसते, मोकळ्या हवेत श्वास घेते. माझी श्वास घेते आहे. डोळ्यांतून पाणी आलं, ते वासाने.

वास रांजणाच्या वाळूचा आहे, हे आता नक्की. दादरा तिहेरी बांधला. यापुढे पौर्णिमेपर्यंत उघडायची नाही. सारखं उघडल्याने बिघडतं.

२८ एप्रिल, रविवार. ११४ डिग्री.

कैऱ्या आल्या. मैनाने बरणी मागितली. पौर्णिमेनंतर, म्हणालो. कैऱ्या पिकून जातील म्हणाली. मी समजावलं की लोणचं दरवर्षी होतं, अस्वल एकदाच. भाकरी नेहमीपेक्षा जोरात थापली गेली.

भाईंचं कार्ड. यात वाद नाही, फक्त विचारलं आहे की रीळ उघडून पाहता की नाही. एकदा पाहा, लिहिलं आहे. घाबरले आहेत, सरळ दिसतं. 'प्रकृती ठणठणीत' असं उलट टपाली कळवलं.

५ मे, रविवार.

पोतं भिजवायचं बंद केलं. कारण काही नाही.

७ मे, मंगळवार. दुपारी.

मैना विहारासमोरची जागा सारवायला गेली होती. बरणी उघडली.

अस्वल नाही. म्हणजे आहे, पण सगळं एकजीव. गुळाची भेली असते तसं. एक टोक सोडवून पाहिलं तर चित्र फिल्मवरून सुटून माझ्या अंगठ्यावर आलं. बारकं अस्वल, हातात निशाण. पुसावंसं वाटेना.

मला रडू आलं. हे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचत नाही.

कारणं तयार केली. मुंग्या. मांजर. रांजणाला तडा. मुळात रिळाच्या पेटीतच दोष होता, म्हणजे पर्यायाने भाईंचाच. हे सगळ्यांत मजबूत वाटतं. उद्या हेच सांगायचं. आवाज चढवायचा नाही, पण ठाम राहायचं.

८ मे, बुधवार. सकाळी.

ताप असल्यासारखं वाटतं. कार्यक्रम रद्द केला तर? चंद्रभान सकाळीच येऊन गेले. चादर बांधून झाली म्हणाले. बैलगाड्या येऊन राहिल्या म्हणाले. मी तापाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, काही नाही.

९ मे, गुरुवार.

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

भाई चारच्या गाडीने बडनेऱ्याला उतरले. जैनबबी सोबत. उत्तरार्ध खरोखरच मांडीवर, वर्तमानपत्रात. प्लॅटफॉर्मवरच उघडून दाखवला. काळाभोर, सपाट, एक सुरकुती नाही. मी म्हणालो, वा. मग म्हणालो, पेटीत मुळातच... आणि पुढचं आठवेना. चार कारणं पाठ केली होती, एक तोंडात येईना. शेवटी अंगठा दाखवला. अस्वल अजून होतं.

भाईंनी खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि माझा अंगठा बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "देवमनभाऊ, मले मालूम होतं. महिन्याभरापासून तुमच्या कार्डाले सिरक्याचा वास येऊन राहिला."

सडत्या फिल्मचा आंबूस वास, माझ्या कार्डांना. मी पार्बताबाईंच्या ताकाला नावं ठेवत होतो.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही? ते म्हणाले, सांगितलं तर तुम्ही आणखी तीन कार्डं लिहिली असती. यात तथ्य आहे.

विहारासमोर एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मी चंद्रभानना बाजूला घेऊन सांगितलं की पूर्वार्ध नाही, आणि पूर्वार्धाशिवाय कुणाला काही कळणार नाही, म्हणून रद्द करू. मैना जैनबबींजवळ बसली होती. तिने ऐकलं. उठून आली आणि म्हणाली, "पयला भाग मले पाठ हाय. मी सांगतो."

मी म्हणालो, असं होत नसतं. तोवर ती चादरीपुढे उभी होती.

तिने पदर खोचला आणि ती अस्वल झाली. मग शेळी झाली. निशाण खाल्लं, तेही चवीने, मध्येच थांबून दात कोरले. हे कार्टूनमध्ये नाही. स्टेशनमास्तर ओरडला, "अरे थांबव बे ते गाडी, काहून मरून राहिला!" आणि लोक हसून लोळले. चंद्रभान भिंतीला टेकून डोळे पुसत होते. मग तिने एक पाय उचलला, दोन्ही हात पसरले, इंजिन अर्धं पुलावर, अर्धं हवेत, आणि तशीच उभी राहिली. कोणी हलेना. भाईंनी मला कोपर मारलं. मी मशीन फिरवलं.

उत्तरार्धात अस्वल वाचतं. शेळीच इंजिनाला दोरी लावून मागे ओढते. मैना तोंडावर हात ठेवून पाहत होती. दोन वर्षांनी.

भोंगा माझ्या पिशवीत होता. पाट्यांचे कागदही. कोणी विचारलं नाही. चादर हलत होती, अस्वलाचं पोट सुटल्यासारखं दिसत होतं. कुणाचंच काही बिघडलं नाही.

१२ मे, रविवार.

बरणी राखेने तीनदा घासली. मी घासली. दोन दिवस उन्हात ठेवली, मग मैनाने हुंगून पास केली. लोणचं भरलं. दादरा तिनेच बांधला, एकेरी.

संकल्प : यापुढे संग्रह बंद. पोस्टकार्डं बंद.

१९ मे, रविवार.

अकोल्याहून माणसाच्या हाती डबा आणि चिठ्ठी. चिठ्ठी माझ्या नावाने नाही. मैनाबाईंच्या नावाने. तिला अक्षर लागेना म्हणून मीच वाचून दाखवली. असं आहे : वैनी, शर्त ही होती की ज्याचा भाग जास्त चांगला निघेल, दोन्ही भाग त्याचे. मी दोन्ही पाहिले. जैनबबीच्या ट्रंकेतला चांगला होता. तुमच्याजवळचा, तोंडपाठ, त्याहून चांगला निघाला. म्हणून उत्तरार्ध पाठवतो, तो आता तुमचा. देवमनभाऊंना मशीन फिरवू द्यावं, हात चांगला आहे. डबा कुठे ठेवायचा ते तुम्ही ठरवा.

शेवटची ओळ मी वाचली नव्हती. तिने बोट ठेवून विचारलं, इथं काय लिवलं? मग वाचली. 'त्यांना सांगू नका.'

२० मे.

मैनाला विचारलं, कुठे ठेवलंस? साठवणीच्या दृष्टीने दोन गोष्टी सुचवायच्या होत्या.

ती म्हणाली, "जिथं हाय तिथं बरं हाय."

मग म्हणाली, अकोल्याले लोणचं पाठवायचं हाय, बांधून द्या, पार्सल तुमाले चांगलं बांधता येते. बांधून दिलं.