हात मांडीवर

शनिवार, ८ मार्च

कॉलेजातल्या माझ्या शनिवारच्या कॉम्प्युटर वर्गाला नऊ मुली आल्या! यायच्या होत्या चौदा. पण गेल्या शनिवारी चारच होत्या, त्यामुळे तोंड वाकडं करायचं कारण नाही. विभागप्रमुख बाईंनी दारातूनच बजावलं, "शाळेतल्या मुली इथे कॉम्प्युटरवर बसतात, छान. पण आपल्या विभागाच्या प्रवेश परीक्षेला किती बसतात ते दाखवा. नाहीतर पुढच्या वर्षी हे बंद." जाता जाता म्हणाल्या, शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठीही दोन जागा आहेत, कुणी ओळखीचं असेल तर सांगा. मी नुसती मान डोलावली.

परीक्षेत टिकेल अशी एकच दिसते. तोंड उघडत नाही म्हणून बाकीच्या तिला 'कुलूप' म्हणतात. आई लाँड्रीत इस्त्री करते. पोरीचं डोकं असं चालतं की बघत राहावं.

शनिवार, १५ मार्च

पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांची यादी छापणारा प्रोग्राम लिहायचा होता. कुलूपच्या यादीतलं शेवटचं नाव दर वेळी गळायचं. वीस मिनिटं ती पडद्याकडे बघत बसली. शिपाई दारात किल्ल्या वाजवतोय! शेवटी म्हटलं, "सरक जरा." दोन ओळी बदलल्या, नाव आलं. "थँक्यू ताई," म्हणाली. मला केवढं बरं वाटलं!

शनिवार, २२ मार्च

सराव परीक्षा. प्रश्न तोच, पुस्तकांऐवजी सायकली. कुलूपनं कोरा पडदा सोडला.

"त्या दोन ओळी तुम्ही केल्या होत्या ना ताई. मला वाटलं, तेवढं काही आपल्याला जमायचं नाही."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

रविवार, २३ मार्च

लिहूनच टाकते. एकोणीस वर्षांपूर्वी मी याच विभागात विद्यार्थिनी होते. घरात कॉम्प्युटर एक आणि दादा हुशार. मी अडले की म्हणायचा, "सरक, मी करून देतो." प्रेमानंच म्हणायचा बिचारा! दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला दादा शेजारी नव्हता. मी उठून बाहेर आले ती परत गेलेच नाही. आता त्याच खोलीत वायरी जोडते आणि बिघडलेले माउस बदलते.

आणि शब्दही त्याचाच उचलला मी. सरक!

आजपासून नियम — शिकवताना हात मांडीवर. जीव गेला तरी दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही.

मंगळवार, २५ मार्च

लाँड्रीत कुलूपच्या आईला भेटले. इस्त्री न थांबवताच बोलत होत्या. "ती म्हणते, जमत नाही. मग कशाला आस लावायची? इथे माणूस हवंय, मालक रोज विचारतो."

"तिला जमेल."

"तुम्हाला काय माहीत?"

खरंच, मला काय माहीत! तरी म्हटलं, "परीक्षेआधी दोन शनिवार आहेत. तेवढे द्या. मालकाला निकालापर्यंत थांबवा."

"थांबवते. पण नाही झालं, तर तुम्हीच तिची समजूत घाला."

शनिवार, २९ मार्च

पंचेचाळीस मिनिटं हात मांडीवर! चूक मला पाचव्या मिनिटालाच दिसली. बोटं नुसती शिवशिवत होती. शेवटी हातांवरच बसले. मुली फिदीफिदी हसल्या, कुलूपही. मग तिनं कागदावर पाच सायकली काढल्या आणि एकेकीवर बोट ठेवत मोजायला लागली. "ताई, हे चौथीवरच थांबतंय!" ओरडलीच ती! सगळी खोली वळून बघायला लागली.

शनिवार, ५ एप्रिल

तिनं चार प्रश्न सोडवले, मी एक शब्द बोलले नाही. निघताना विचारलं तिनं, "ताई, तुमचं शिक्षण कुठे झालं?" सांगून टाकलं सगळं. दादाचंही. तिनं ऐकून घेतलं, दप्तर उचललं आणि गेली — कुलूपच शेवटी!

शुक्रवार, ११ एप्रिल

नवांपैकी सहा परीक्षेला बसल्या. मशीन बंद पडलं तर बघायला मी तिथेच होते. कुलूप तिसऱ्या रांगेत अडली, माझ्यापासून चार पावलांवर. एकदा तिनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले, हात मागे घट्ट धरून. पुन्हा वळून पाहिलं तर तिनं कागद ओढला होता आणि बोट ठेवून मोजत होती.

गुरुवार, २४ एप्रिल

कुलूपची निवड झाली! अकराव्या नंबरावर! आईंनी इस्त्री बाजूला ठेवली, पहिल्यांदाच. "आता मालकाला काय सांगू?" म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मी म्हटलं, "दुसरं माणूस बघा म्हणावं!"

शनिवार, २६ एप्रिल

कुलूपनं माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. शिक्षण अर्धवट सुटलेल्यांच्या जागेचा अर्ज, कोरा. विभागप्रमुख बाईंकडून मागून आणलेला.

"अगं, या वयात! आणि चष्माही घरी राहिलाय. तूच भर."

तिनं खुर्ची ओढली, समोर बसली आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.

"तुम्ही लिहा ताई. मी बसलेय."

मी आधी माझं नाव लिहिलं.