पिवळ्या जीपची ओळ

शाहूपुरी, कोल्हापूर
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

कुलसूमआपांना राजशेखरचा सलाम.

मलकापुरात बहिणीकडे थंडी सोसते ना? प्लॅस्टरखाली खाज सुटली तरी आत विणायची सुई घालू नका. तुम्ही ऐकणाऱ्यातल्या नाही, म्हणून आधीच बजावतो. तुमच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे, कुंड्यांना पाणी घालतो. रक्त दोनदा पुसलं, पण फरशीच्या सांध्यांतलं निघत नाही.

काल तुमच्या भाचीचा फोन आला. म्हणाली, खाला स्वतःलाच दोष देतात. ‘म्हातारपणी डोकं फिरलं, कथेत ती जीप कधी लिहिली तेच आठवत नाही,’ असं सारखं म्हणतात.

आपा, आठवणार कसं? ती तुम्ही लिहिलीच नव्हती.

तीस वर्षांची आपली रीत. मंगळवारी दुपारी तुम्ही उर्दूतून अफसाना वाचायचा. मला ती लिपी येत नाही, म्हणून मी ऐकत ऐकत मराठीत उतरवायचा आणि शेवटी मराठी तुम्हाला वाचून दाखवायचा. एकेका शब्दावरून आपण भांडायचो, चहा गार व्हायचा. विड्या वळणाऱ्या बायका, गटारात उतरणारे कामगार, टाकून दिलेल्या मुली. त्यांच्यापायी तुम्ही तुमच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि आमच्याही.

यंदाच्या दिवाळी अंकातली कथा तुमच्या गल्लीतल्या दस्तगीरची. दंगलीत मारला तो फळगाडीवाला. मारेकरी सापडले नाहीत. तुम्ही लिहिलं होतं, ‘एक गाडी आली.’ एवढंच. मी लिहिलं, ‘पिवळी जीप आली, मागच्या काचेवर नागाचं चित्र.’ तुम्हाला वाचून दाखवताना तेवढी ओळ गाळली आणि अंकाला मात्र तशीच पाठवली.

कारण मी पाहिलं होतं. दस्तगीरच्या डोक्यात पहार घातली, तो केळ्यांवर पालथा पडला तरी घालतच राहिले. जीप माझ्या पुतण्याची. सोमेशची. पहारही त्याच्याच हातात होती. दीड वर्ष मी मूग गिळून बसलो. कुणीतरी बोलावं असं वाटायचं, फक्त ते तोंड माझं नसावं. म्हणून तुमचं वापरलं. भेकड माणूस किती हुशार असतो बघा.

अंक निघाल्यावर त्या मंगळवारी तुमच्या खोलीत तोंडाला रुमाल बांधून तिघं आले, त्यात पुढचा सोमेश होता. माझ्या अंगावर अंक फेकून त्यानं विचारलं, “कुनी लिवलंय ह्ये? बोल की!” आणि मी म्हणालो, “मी न्हाय. बाईंनी सांगितलं तसं उतरवलं.”

हे तुम्ही ऐकलंत. तरी भाचीला म्हणालात, बिचारे राजशेखरभाऊ घाबरले. तुमच्या असल्या दयेचा मला राग येतो.

मग त्यांनी तुमचा उजवा हात दाराच्या फटीत धरला. ओला ऊस मोडावा तसा आवाज आला. डॉक्टर म्हणतात, आता पेन धरता येणार नाही. पोलिसांना मी सांगितलं, रुमाल होते, कुणाला ओळखलं नाही.

सोमेशची आई, आमच्या अक्काताई वहिनी, रोज येऊन बसायच्या. “भावजी, बोटं काय, जुळत्यात. पोरगं फासावर गेलं तर परत येतंय व्हय?” मीही मान हलवायचो. पण काल तुम्ही स्वतःला दोष देताय हे ऐकलं.

आज सकाळी ठाण्यात जाऊन जबाब बदलला. दस्तगीरचं सांगितलं, तुमचं सांगितलं. सोमेशला दुपारी उचललं. वहिनींनी भर रस्त्यात माझ्या तोंडावर चप्पल मारली, गाल सुजलाय. लोक पाठ थोपटायला येतात. त्यांना हाकलतो.

कारण त्या जबाबात मी एक गोष्ट खाल्ली. ती आधी तुम्हाला सांगायची होती.

तुमचं तोंड त्यांनी भिंतीकडे दाबलं होतं. पहिल्यांदा दार सोमेशनं आदळलं. मग त्यानं नुसती मान हलवून मला दार दाखवलं. माझ्या गळ्याशी कोयता नव्हता, कुणी मला धरलंही नव्हतं.

दुसऱ्यांदा दार मी आदळलं, आपा. तो उसासारखा आवाज तेव्हाचा.

पत्र पोस्टात टाकून पुन्हा ठाण्यात जातो. माफी मागत नाही, मागितली तर तुम्ही देऊन टाकाल.

‘तुमचा भाऊ’ लिहायची सवय आहे. आज लिहीत नाही.

राजशेखर