पान सातवरची पोर

३ जून, सकाळी, जप आटोपल्यावर
आज कोणावर रागवायचं नाही असं देवासमोर ठरवलं होतं. पेपर उघडला आणि संपलं सगळं.
माझ्या नावाडणीची टीव्हीवर मालिका येणार आहे. चोवीस वर्षं तिची कादंबरी माझ्या उशाशी आहे. पुरातून माणसं पैलतीरी नेणारी ती मुलगी मला पोटच्या पोरीइतकी ठाऊक. आणि फोटोत वल्हं धरून उभी कोण, तर एक काळी मुलगी. मी उगाच कोणाला नावं ठेवत नाही. नाकीडोळी नीटस आहे. पण आमची नावाडीण गोरीपान. जन्म उन्हात काढून गोरी, हेच तर तिचं विशेष.
चॅनेलला निषेधाचं पत्र लिहिणार. भाषा सौम्य.

४ जून, रविवार, दुपारी
लेक आली होती. प्रयोगशाळेत नोकरी, शहराच्या पार त्या टोकाला खोली, पण रविवारी दुपारचं जेवण इथेच. इतर विषयांवर आमचं फार वेळ जमत नाही. नावाडणीवर जमतं. नऊ वर्षांची असताना पाय मोडून दोन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा मीच ती कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिला वाचून दाखवली. तेव्हापासून नावाडीण आमची दोघींची.
तिलाही फोटो पाहून धक्का बसला असणार. म्हणाली, बदललंय त्यांनी, पण मला आवडलं. आईच्या समाधानासाठी रागावणं जमत नाही तिला. स्वभाव गरीब.

५ जून
पत्र तयार. पाठकोऱ्या कागदावर कच्चं, मग पक्कं. शेजारच्या शिवणवाल्या बाई सहीला तयार झाल्या, पण फोटो बघून म्हणाल्या, वहिनी, ही तर तुमच्या लेकीसारखी दिसते. मी हसले. आमची लेक गहूवर्णी आहे. खिडकीतला उजेड कमी होता म्हणून त्यांना तसं वाटलं. डोळे तपासून घ्या म्हटलं.
सही झाली. एकूण एक.

६ जून
यांनी पत्र वाचलं आणि विचारलं, ती गोरी आहे असं कुठल्या पानावर लिहिलंय? जन्मभर गोदामात माल मोजण्यात गेला, त्यामुळे पुराव्याशिवाय यांना घास उतरत नाही. मी म्हटलं, उद्या पान नंबर देते. मॅट्रिक झालेली बाई आहे, हवेत बोलत नाही.
वर म्हणाले, देवघरातला तुझा देव तरी कुठे गोरा आहे? देवाची गोष्ट वेगळी. देवाला स्थळं बघायची नसतात.

७ जून, दुपारी
साठ पानं झाली.
पान ७: "काळी पोर वल्हं मारत आली." इथे काळी लाडाने म्हटलंय.
पान १९: "तव्यासारखी." म्हणजे तापट.
पान ४२: "काळीशार." संध्याकाळ झाली होती, तेव्हा कोणीही दिसेल.
गोरी: अजून नाही. पुढे असणार. चांगले लेखक सगळं पहिल्याच पानांत सांगून टाकत नाहीत.

९ जून
पुस्तक संपलं. काळी, सावळी वगैरे मिळून अकरा वेळा. गोरी एकदा, ती सावकाराची बायको, आणि बाई वाईट.
पण मला "गोरीपान पोर" हे शब्द स्वच्छ आठवतात. माझ्याच आवाजात आठवतात. चोवीस वर्षांत ओळी अशा बदलतात कशा? ऐन वाचनात चष्म्यावर वाफ आली होती, ते एक कारण असू शकेल. रविवारी लेकीला शोधायला लावते. तरणे डोळे.

११ जून, रविवार
जेवता जेवता लेकीच्या हातात पुस्तक दिलं आणि काम सांगितलं. ती डाव्या हाताने पानं उलटत होती. सातव्या पानावर थांबली. मला वाटलं, सापडलं.
मग तिने पुस्तक मिटलं आणि तो परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवला. "गोरीपान पोर वल्हं मारत आली," इथून ते खाली नदीच्या वळणापर्यंत, एक शब्द न चुकता. म्हणजे मी म्हणत होते तेच. मी यांच्याकडे विजयाने पाहिलं. हे ताटाकडे बघत होते.
लेक म्हणाली, आई, इथे काळी छापलंय. गोरीपान तू वाचायचीस.
मी म्हटलं, असेल. तू आजारी, त्यात शाळेत पोरं तुला कोळसा म्हणायची. हा शब्द घरात कशाला आणायचा? तुला वाईट वाटू नये म्हणून जीभ आपोआप वळली असेल.
ती म्हणाली, "मी नऊ वर्षांची होते, आई. माझ्यासारखी एक होती, आणि तू मला तेवढंच सांगितलं नाहीस."
आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.
ताट अर्धं टाकून गेली. उकाडा फार आहे. जेवण जात नाही कोणाला.

१२ जून
लेकीने फोन उचलला नाही. प्रयोगशाळेत उचलू देत नसतील.

१३ जून
रात्रीही उचलू देत नाहीत, असं दिसतं.
मी काय वाईट केलं? लहानपणी साय आणि पीठ लावून अंग चोळलं, सावलीत खेळ म्हटलं, फोटोच्या दुकानात जरा उजळ काढा म्हणून सांगितलं. सगळं तिच्यासाठीच. लिहून काढल्यावर यादी लांब वाटते. थांबते.

१४ जून
मालिकेचा पहिला भाग लागला. निषेध म्हणून बघायचा नव्हता. पण निषेध कशाचा करायचा ते कळायला हवं, म्हणून बघितला. ती मुलगी पुरात उडी टाकते. पाण्यातून वर आली तेव्हा खांदे मागे टाकून उभी राहिली. लेक दारात चपला काढताना अशीच उभी असते. हे मला शिवणवाल्या बाईंच्या आधी दिसायला हवं होतं.
कांदा चिरत होते, म्हणून डोळ्यांत पाणी. हे म्हणाले, विळी तर स्वयंपाकघरात आहे.
पत्र पाठवायचं नाही. एका सहीला कोण विचारतं?

१८ जून, रविवार
तिघांचा स्वयंपाक केला. दीडपर्यंत वाट पाहिली. मग अडीचपर्यंत. बस चुकली असेल. यांनी तिचाही वाटा संपवला आणि ढेकर दाबला.
संकल्प: सगळी कादंबरी पुन्हा वाचून दाखवायची, फोनवर, जशी छापली आहे तशी. अकरा जागी पेन्सिलने खूण करून ठेवली, जीभ घसरू नये म्हणून. रोज एक पान वाचलं तर सात-आठ महिने बोलणं चालू राहील.

१९ जून ते २१ जून
सराव. देवासमोर बसून वाचते. बाकी सगळं सरळ जातं, त्या एका शब्दाशी जीभ वळते. परवा सावळी म्हटलं गेलं. काल गव्हाळ. आज जमलं. देव ऐकत होता.

२२ जून, संध्याकाळी
तिने उचलला. मी कशी आहेस विचारलंच नाही, धीर गेला असता. एकदम पान सात उघडलं आणि सुरू केलं. "काळी पोर वल्हं मारत आली." अडखळले नाही. वळणापर्यंत पोचले. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. तिच्या मागे कोणीतरी भांडी लावत होतं, तो आवाज येत होता.
पान संपलं. मी थांबले. पूर्वी पान संपलं की पुढे काय म्हणून पदर ओढायची.
म्हणाली, छान वाचलंस. मग म्हणाली, "आई, मला आता वाचता येतं."
मी म्हटलं, हो गं, ते आहेच.
तिने यांची तब्येत विचारली. मी सांगितली. फोन बंद झाला. पान आठ मी आधीच उलटून ठेवलं होतं.