पाणमांजराचा दुसरा साक्षीदार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा बसल्या जागेवरून नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे. ती का धरली हे पुढे येईलच, धीर धर.) तुझा रक्तदाब कसा आहे? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? तू लिहितेस की ते आता जिना चढताना कण्हत नाहीत, फक्त उतरताना कण्हतात. म्हणजे निम्मं काम झालं. कंबर सोडली तर मी ठणठणीत आहे. ऊन मात्र असं पडलंय की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

तू विचारतेस, घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून दिवसभर करतोस तरी काय? ताई, मी रोज सकाळी पाणथळीवर जातो. गावाबाहेरची दलदल आता राखीव झाली आहे. तिला कुंपण आहे, फाटक आहे आणि पाण्याकाठी लपणं आहेत. (लपण म्हणजे फळ्यांची खोली. आत बाक, समोर आडवी फट. फटीतून आपण प्राण्यांना बघायचं आणि प्राण्यांनी आपल्याला बघायचं नाही, असं ठरलेलं आहे. प्राण्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही.) उन्हाळ्यात पाणी आटत आटत मधल्या डोहापुरतं उरतं, आणि बगळे, पाणकोंबड्या, खंड्या, कासवं सगळे तिथेच गर्दी करतात. आम्हा रिकामटेकड्या मंडळींचं काम एवढंच, की दिवसभरात काय दिसलं ते फाटकाजवळच्या फळ्यावर लिहवून घ्यायचं.

लिहवून घ्यायचं म्हणतो, कारण खडू मुख्याध्यापिका बाईंच्या ताब्यात आहे. या बाई मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. लग्न करायला म्हणे त्यांना सवड मिळाली नाही. पाणकोंबडीची पिल्लं आईमागून निघाली की बाई बोट हलवत हजेरी घेतात, आणि एखादं मागे राहिलं की त्याच्याकडे अशा बघतात की ते धावत सुटतं. इथे त्यांनी एक नियम घालून दिला आहे: कुठलाही प्राणी निदान दोघांनी पाहिलेला असला पाहिजे. एकट्याने पाहिलेलं फळ्यावर चढत नाही. हा नियम येण्यामागे एक रोहित पक्षी आहे. एका उत्साही गृहस्थांनी तो एकट्याने पाहिला आणि जाहीर केला. सारं गाव लोटलं. तासाभराने वारा आला आणि पक्ष्याची गुलाबी पिशवी झाली.

आता माझं दुर्दैव ऐक. उन्हाळा सुरू झाला आणि एका सकाळी मला पाणमांजर दिसलं. डोहातून डोकं वर आलं, मिशा, चपटं कपाळ, तोंडात मासा. माझ्याकडे बघत त्याने तो सावकाश संपवला, आणि गेलं. इथे वर्षानुवर्षं कुणी पाणमांजर पाहिलेलं नाही. मी धावत फाटकावर गेलो. बाईंनी विचारलं, सोबत कोण होतं? कोणी नव्हतं. मग त्यांनी विचारलं, दुर्बीण कशी धरता? मी धरून दाखवली. (आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून घड्याळं उघडली, त्यामुळे दुसरा डोळा आपोआप मिटतो.) त्यावर बाई म्हणाल्या, एका माणसाने एका डोळ्याने पाहिलंय, म्हणजे हे पाव साक्षीवर आलं. आणि खडू ठेवून दिला.

मी इरेला पेटलो. दुसऱ्या दिवशी आपल्या न्हावीबुवांना साक्षीदार म्हणून घेऊन गेलो. जिवाभावाचा माणूस, पण लपणात बसल्याबरोबर घोरायला लागला. पाणमांजर काही आलं नाही. उठल्यावर मात्र मैत्रीला जागून थेट फाटकावर गेला आणि म्हणाला, पाहिलं, या डोळ्यांनी पाहिलं. बाईंनी त्याला उभा करून तपासला. रंग? काळा. आकार? म्हशीएवढा. काय करत होतं? झाडावरून उतरत होतं. मी त्याला कोपराने ढोसत होतो, तर त्याला वाटलं मी अजून सांग म्हणतोय. त्याने शिंगांपर्यंत मजल मारली. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, उद्यापासून दुसरी साक्षीदार मी.

तेव्हापासून ताई, रोज सकाळी त्या बाकावर मी आणि बाई. माझे हाल तुला काय सांगू! बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. त्यांचा चहा बिनसाखरेचा. (आता मला घरचा चहाच गोडमिट्ट लागतो, हा भाग वेगळा.) दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायला त्यांनी मला शिकवलं, आणि त्यासाठी चक्क माझ्या मिटणाऱ्या पापणीवर बोट ठेवून बसल्या. अशा बाईच्या हाताखाली मुलींनी वर्षंच्या वर्षं कशी काढली असतील कोण जाणे.

तर कंबर. परवा बाईंच्या थर्मासचं झाकण फटीतून खाली पडलं. त्या नको नको म्हणत असताना मी शूरासारखा बाहेर गेलो, आणि दोन पावलांत गुडघ्यापर्यंत चिखलात. पाय ओढायला गेलो तर चप्पल राहिली, चप्पल ओढायला गेलो तर मीच आडवा झालो. मग लव्हाळ्यातून चार पायांवर सरकत, फुरफुरत काठाकडे निघालो. समोरच्या लपणात एक नवीनच आलेलं जोडपं होतं, ते मला दिसलं नाही. मी मात्र त्यांना दिसलो. बाईंनी छत्रीची मूठ पुढे करून मला वर काढलं (कंबर तेव्हा गेली) आणि आम्ही फाटकावर पोचलो, तर जोडपं धापा टाकत वर्दी देत उभं. साक्षीदार दोन, दोघांची साक्ष तंतोतंत जुळणारी. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, खडू उचलला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मोठा सस्तन प्राणी. चिखलाच्या रंगाचा. ओळख पटली नाही.’ मी म्हटलं, बाई, अहो तो मी! त्या म्हणाल्या, तसं सांगणारे तुम्ही एकटेच आहात.

लेक मात्र घाईला आली आहे; तिची आई गेल्यापासून मी इथे एकटा राहतो, हे तिला बघवत नाही. उन्हाळा संपला की मी इथलं घर आवरून कायमचं तिच्याकडे जायचं, असं ठरलंय हे तुला ठाऊक आहेच. तिने खोली रंगवून घेतली, पडदे लावले. जावईबापूंनी माझ्या हत्यारांसाठी खिडकीजवळ फळी ठोकली. गुणी आहेत गं दोघं, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. मीच म्हटलंय की पाणमांजर एकदा फळ्यावर चढू दे, मग लगेच निघतो. ती म्हणते, बाबा, फोटो काढा आणि मोकळे व्हा. काढला, त्यात माझा अंगठा फार छान आला आहे.

पत्र लांबलं. तब्येतीला जप, भावोजींना कठडा धरायला सांग.

तुझा धाकटा

ता. क. तुझं ती ऐकते, म्हणून एक काम कर. लेकीला सांग की पाणमांजराचा निकाल लागेपर्यंत बाबांना हलवता येणार नाही. ही गावाच्या अब्रूची बाब आहे, असं काहीतरी वजनदार सांग.

आणखी ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं. पाणमांजर काल आलं होतं. अगदी फटीसमोर, उन्हात, उताणं पोहत. आम्ही दोघांनी पाहिलं, मी दोन्ही डोळ्यांनी. आता फळ्यावर चढणार आणि मला निघावं लागणार, म्हणून मी दुर्बीण खाली ठेवून दिली. पाणमांजर गेलं. मग बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “ओंडका असावा. मला काही नीट दिसलं नाही. उद्या पुन्हा बसावं लागेल.” ताई, या बाईंनी आजवर पोरींना अर्धा गुणसुद्धा उगाच दिलेला नाही.

शेवटचा ता. क. तेव्हा वरचं वजनदार काही सांगू नकोस. लेकीला सांग की बाबा येतील, पण पाहुणे म्हणून, आणि एकटे येणार नाहीत. मी पडलो बाप, तिला हे माझ्या तोंडून सांगवणार नाही. बाईंना आज सकाळी विचारलं. लपणात बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी नुसती होकारार्थी मान डोलावली. या वयात मला भीती वाटतेय गं, आणि फार बरंही वाटतंय. हसू नकोस. बरं, हसलीस तरी चालेल, पण आधी तिला फोन कर.