नऊ नंबरची माती

१९ मार्च
चौघे मुंबईकर गोल्फचे नऊ होल दीड तासात उरकून चहाला बसले. मी शेजारच्या टेबलावर, पाठ करून. मालक कोण ते माहीत नसलं की माणूस खरं बोलतो. एक म्हणाला, "जागा छान आहे रे, पण हिरवळी म्हणजे गोणपाट." दुसरा – "आणि सरावाला जागाच नाही. एवढ्या लांब यायचं, हात मोकळे कुठं करायचे?"
चौघांना माझ्याकडून कोकम सरबत पाठवलं. पुन्हा येणार नाहीत.

२१ मार्च
ठरलं. नऊही होलांभोवतीच्या हिरवळी उकरायच्या. नवी माती, नवं गवत. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत मी हा खेळ शिकलो. आता पिशव्या वाहायला माझ्याकडे माणसं आहेत, पिशवीवालेच नाहीत.
सरावाला जागा एकच – पोपटचं भाताचं खाचर. नऊ नंबरच्या होलला लागून, सपाट. आज तिसऱ्यांदा विचारलं.
"दादा, तुमी पावन्यांना चेंडू मारायला द्याल. मी घरच्यांना काय चेंडू शिजवून घालू?"
त्याची बायको चिमा चुलीपासनंच – "आन आमी शेठ नाय झालो तरी चालंल."
मीही हसलो. चहा घेऊन परत आलो.

२९ मार्च
उकरलेल्या मातीचे ढीग. काळी, भुसभुशीत, आठ वर्षं जपलेली. पलीकडे पोपट राब रचत होता – शेण, पाला, गवत, वरून बारीक माती, मग आग. भाताचं रोप त्या भाजलेल्या तुकड्यावरच करायचं, ही इकडची रीत. त्याचा तुकडा गेल्या पावसात धुपून खाली गेलेला. मीच म्हणालो, "आमची माती ने की, पोपट." दोन ट्रॉल्या स्वतः उभं राहून टाकून दिल्या.
त्यानं मूठभर उचलून वास घेतला. "लोन्यावानी हाय, दादा."
अर्धी खाली पसरली, तिच्यावर राब, राबावर उरलेली.

११ एप्रिल
पोपटनं राब भाजला. धूर सगळा सात नंबरवर. खेळायला कोणी नाही, म्हणून तक्रारही नाही.

१६ मे
नवं गवत धरलं. अनवाणी फिरून आलो. पायाला गार, मऊ. आता फक्त सरावाची जागा.

१४ जून
बी टाकून दहा दिवस झाले, पोपटचा राब उघडाच. शेजारच्या हिरूचं रोप बोटभर आलंय. पोपट उकिडवा बसून माती चिवडत होता. त्याची म्हातारी आई, जनी, बांधावरून –
"देवाचा कोंबडा चुकवलास. आता बस चिवडत."
"दिला गं, आये."
"कंचा? तो लंगडा?"
हिरू हसला. पोपट नाही हसला. मी बांधावर होतो, चप्पल काढून उभा. का काढली कोण जाणे.

१६ जून
नवनाथ आमच्या हिरवळी बघतो. सकाळपासून त्या बांधाकडे फिरकला नाही. तण होऊ नये म्हणून तो वर्षातनं तीनदा औषध मारतो. रुजलेल्या गवताला त्याचं काही होत नाही. मातीत पडलेलं बी तेवढं उगवू देत नाही. आणि ते मातीत राहतं.


२४ जून
पोपटनं पुन्हा बी टाकलं. त्याच तुकड्यावर. मी म्हटलं, "दुसरीकडे टाकून बघ की." एवढंच म्हटलं.
"बिनभाजल्या जाग्यावर? तणच वर येल, दादा. भात नाय यायचं."
पुढचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. चिमानं चहा आणला. प्यालो.

५ जुलै
दुसरं बीही गेलं. पोपट गावभर रोप मागत फिरला. सगळ्यांची लावणी चालू, ज्याच्या त्याच्यापुरतंच आहे. हिरूनं चार जुड्या दिल्या. त्यात एक कोपरा हिरवा झाला. बाकी खाचरात नुसतं पाणी.

९ जुलै
पोपट आपण होऊन आला. बसला नाही.
"जमीन रुसली आमच्यावर. घ्या तुमी, दादा."
मग म्हणाला, "मला कामाला ठेवाल ना?"
ठेवतो म्हणालो. माझा खांदा धरून रडला. "तुमी माती दिली, तुमचा काय दोष. आमचंच नशीब." मी त्याची पाठ थोपटत राहिलो. जनी फाटकाबाहेर पावसात उभी होती. आत ये म्हटलं, आली नाही.

१२ जुलै
भाडेपट्ट्याचा कागद झाला. दहा वर्षं. पोपटनं सही केली, हळूहळू, शाळेतल्यासारखी. माझ्या बायकोनं, हर्षलानं, घरी शिरा केला होता. दोन घास खाल्ले.

१५ जुलै
दुपारी चिमा ऑफिसात आली. पदराखालून दोन करवंट्या काढून टेबलावर ठेवल्या. एकीत भाताचं रोप, वीतभर. दुसरीत नुसती माती.
"बी एकाच पोत्यातलं. ही माती परसातली. ही तुमची."
मी दुसरी करवंटी जवळ ओढली.
"तुमाला ठावं होतं का, दादा?"
"नाही गं."
तिनं मान हलवली. रोपाची करवंटी उचलून गेली. दुसरी तिथंच ठेवली.
पोपटला सांगितलंय का, हे मी विचारलं नाही. सकाळी तो सात नंबरवर नवनाथबरोबर पंप पाठीला लावून फवारत होता.

१६ जुलै
ठाऊक होतं. ट्रॉली भरायच्या आधी नवनाथ म्हणाला होता, "शेठ, या मातीत भात उगवणार नाही." मी म्हणालो, "भर."