आरशातला डावा हात

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, रहस्यकथांची मुखपृष्ठे रंगवून पोट भरणारी, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. रक्तदाब सोडला तर माझे सगळे ठिकाणावर आहे.

१. राहते घर थोरल्या भावाला, म्हणजे दादाला द्यावे. तो शिव्या घालेल. तरी किल्ली त्याच्याच हातात ठेवावी. डाव्या, कारण तो डावखुरा आहे.

२. संदर्भाच्या कात्रणांची पेटी (सुरे धरलेल्या मुठी, फुटलेली कपाळे, आवळलेले गळे) चित्रकलेच्या वर्गाला द्यावी. मुलींना सांगावे, नक्कल करायला लाजू नका. मीही थोरांची चित्रे गिरवूनच शिकले. फक्त समोर काय ठेवून काढताय, ते आधी तपासा.

३. वडिलांच्या फोटोची काच चांगली आहे, ती चौकटवाल्याने घ्यावी. फोटो जाळावा.

४. चित्रांची निळी वही दादाला द्यावी. तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

सतरा वर्षांची असताना मी चित्रांच्या पुस्तकातले एक आत्मचित्र पाहून, कपाटाच्या आरशासमोर त्या वहीत स्वतःचा चेहरा काढत होते. पाठीमागे स्वयंपाकघराचे दार. आरशात आई दिसली आणि खाकी बाहीतला एक हात. मारणाऱ्याचा चेहरा दाराच्या चौकटीआड होता. हातोडा तीनदा खाली आला. तिसऱ्यांदा आईच्या डोक्याचा आवाज ओला आला. मी वळले नाही. माझा हात थिजला नाही, आरशात दिसेल ते काढत राहिला. मी दारात पोचले तेव्हा वडील आणि दादा दोघेही तिथे होते, दोघेही सुतार, दोघांचे खाकी सदरे रक्ताने भिजलेले. दादा आईला मांडीवर घेऊन ओरडत होता.

फौजदाराने वही पाहिली. "पोरी, हा डावा हात ना?"

वडील म्हणाले, "डावखुरा घरात एकच आहे, साहेब."

कोर्टात दादाने मला एवढेच विचारले, "तू बघितलंस तेच काढलंस ना गं?"

"जसंच्या तसं," मी म्हणाले. त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

अकरा वर्षांनी मी जुन्या चित्रकारांची आत्मचित्रे पुन्हा गिरवायला घेतली. ज्याच्या त्याच्या डाव्या हातात कुंचला. एवढे सगळे डावखुरे कसे? मग डोक्यात लख्ख उजेड पडला, ते आरशात बघून काढत होते. मीही आरशातच बघत होते.

दादाला सुटायला तीन वर्षे बाकी होती. वडील शेजारच्या खोलीत खोकत होते. मला त्यांची भीती वाटली, त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. मी तोंड शिवून बसले.

५. सुटल्यावर दादाने माझा हात ओट्यावर दाबून दोन बोटे हातोड्याने फोडली. "आता काढ जसंच्या तसं!" म्हणाला. तेव्हा पोलिसांत केलेली तक्रार मी मागे घेते. त्याने दोनच फोडली.

दादा, आईला तू मारले नाहीस. हे मला तीस वर्षे माहीत आहे.

साक्षीदारांनी वहीतले चित्र त्याच कपाटाच्या आरशासमोर धरावे, मगच सही करावी.

स्थळ: याच आरशासमोर.
दिनांक: अकरा मार्च, आईला जाऊन एक्केचाळीस वर्षे.

सही (उरलेल्या तीन बोटांनी)

साक्षीदार पहिला, चौकटवाला: चित्र आरशात धरले. हात उजवा आहे.

साक्षीदार दुसरी, शेजारची नर्सबाई: मीही पाहिले. उजवाच.